वाइल्ड कोस्टवरची घोडेस्वारी: घोडे एक नंबर, बुकिंगवाले काठावर पास

दक्षिण आफ्रिकेच्या वाइल्ड कोस्टवरच्या घोड्यावरच्या मुक्कामी ट्रिपला जावं का, याचं ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते. मोकळ्या जागेत घोडा कॅन्टरला (दुडकीच्या वरची, चौखूर धावण्याच्या आधीची चाल) सांभाळता येत असेल तर डोळे झाकून जा, पैसे वसूल आहेत. येत नसेल तर आधी शिका मग जा, कारण पुळणीवर घोड्यांचा कळप एकदा पळायला लागला की तुमच्या घोड्याला मागे राहायचं नसतं आणि त्याला ते समजावत बसायला वेळ नसतो.

आता सविस्तर. वाइल्ड कोस्ट म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातला, ग्रेट केई नदीच्या मुखापासून उत्तरेला म्तामवुना नदीपर्यंतचा किनारा, साधारण अडीचशे-तीनशे किलोमीटर. आमची राइड त्यातल्या दक्षिण भागात होती, केई माउथ, कोलोरा, कोबोन्काबा करत माझेप्पा बेच्या दिशेने. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि मला वाद नकोय.

बरेच जण विचारतात की समुद्रकिनारा तर कुठेही आहे, तिथेच कशाला जायचं. तर त्याचं कारण रस्ता, म्हणजे रस्ता नसणं. इथे किनाऱ्याला लागून जाणारा हायवे नाहीच, एन-२ महामार्ग आतून बटरवर्थ, म्ताथा करत जातो आणि तिथून एकेक कच्चा फाटा एकेका नदीच्या मुखाशी उतरतो आणि संपतो. त्यामुळे शेजारच्याच खाडीवर गाडीने जायचं म्हटलं तरी परत वर हायवेकडे, मग पुन्हा खाली, अख्खी सकाळ जाते, आणि घोड्यावरून तेच अंतर किनाऱ्याने आरामात होतं. १९७६ मध्ये वर्णभेदी सरकारने या भागाला ट्रान्सकाय नावाचा ‘स्वतंत्र’ देश करून टाकलं होतं, बाहेरच्या जगाने तो कधी मानला नाही आणि १९९४ ला तो परत दक्षिण आफ्रिकेत आला. जमीन बरीचशी अजूनही गावाच्या सामायिक मालकीची आहे, म्हणून बिल्डर लोकांचे टॉवर इथे उभे राहिले नाहीत. टेकड्यांवर गोल झोपड्या, बऱ्याच पोपटी-निळ्या रंगवलेल्या, आणि खाली पुळणीवर गाई. हो, गाई, वाळूत निवांत रवंथ करत बसलेल्या. गाइडला विचारलं तर म्हणाला, वाऱ्यामुळे इथे माशा आणि गोचीड कमी, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

घोड्यांबद्दल लिहिताना हात आखडता घ्यायचं काही कारण नाही. मला मिळाली ती तांबडी घोडी, बोअरपेर्ड या दक्षिण आफ्रिकी जातीचं रक्त असलेली. उंचीला फार नाही, पण छाती रुंद आणि पाय टेकवण्यात भयंकर हुशार. मऊ वाळू लागली की आपणहून चाल कमी करायची, कान पुढे करून ओल्या पट्ट्याकडे सरकायची आणि खाली कडक लागलं की लगेच मान लांब करून लगाम मागायची. मला वाटलं होतं हॉलिडेचे घोडे म्हणजे एकामागे एक नाकात शेपटी घालून चालणारे, तोंड दगड झालेले, टाच मारून मारून आपणच थकायचं. इथे टाच लागलीच नाही, उलट मांड पक्की ठेवून शांत बसणं हेच काम होतं. सगळ्यांच्या पाठी तपासल्या मी (सवयच आहे ती), खोगिराने लागल्याच्या जखमा नाहीत, पांढरे डाग नाहीत, तंगाच्या (खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याच्या) जागी कातडी साफ. संध्याकाळी खोगीर उतरवल्यावर गाइड स्वतः हात फिरवून नडग्या गरम आहेत का बघत होता. घोडे आलटून पालटून बदलतात, एकच घोडा सलग दामटवत नाहीत. ज्या कंपनीचे गाइड हे करतात तिथले बाकीचे दोष मी पोटात घालायला तयार असते.

वजनाचा नियम कडक आहे आणि तो असायलाच पाहिजे. साधा हिशोब असा की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे साडेचारशे किलोच्या घोड्याला नव्वद किलो, त्यात खोगीरही आलं. आल्याआल्या व्हरांड्यात वजनकाटा ठेवलेला होता आणि सगळ्यांना बूट घालून उभं केलं. एक गृहस्थ फॉर्मवर लिहिल्यापेक्षा चांगलेच जड निघाले, त्यांनी पट्टा सोडून बघितला, फोन खिशातून काढून बघितला, काटा काही हलेना. शेवटी त्यांना सामानाच्या जीपमधून प्रवास करावा लागला आणि त्यांच्या बायकोने एकटीने मस्त राइड केली. खरं आहे ते लिहा.

आता मुख्य गोष्ट, जी वेबसाइटवर कुठेच धड लिहिलेली नसते. ही सगळी ट्रिप ओहोटीच्या हुकमावर चालते. छापील प्रोग्रॅममध्ये ‘नाश्त्यानंतर प्रस्थान’ असं काहीतरी असतं ते सोडून द्या. भरतीला पाणी पार झाडीपर्यंत येतं, उरते ती वरची भुसभुशीत वाळू, आणि भुसभुशीत वाळूत घोडा पळवला की त्याच्या पायाच्या शिरा कामातून जातात. पळवायचा तर ओहोटीने उघडी पडलेली ओली कडक पुळण पाहिजे. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे रोजची निघायची वेळ वेगळी. या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात खाली जातं ते सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, म्हणजे राइडला एकदम फिट. अष्टमीच्या आसपास, आपल्याकडे कोकणात ज्याला भांग म्हणतात तेव्हा, पाणी ना धड आत जातं ना बाहेर, ओहोटी ढकलली जाते दुपारी उशिरावर, आणि मग गाइड तुम्हाला टेकड्यांवरच्या गवतातून फिरवतो. तेही सुंदरच आहे, वरून डॉल्फिन दिसतात, पण तुम्ही पुळणीवर चौखूर धावायला आला असाल तर हिरमोड होणार. तेव्हा बुकिंगच्या आधी कॅलेंडर उघडा आणि तिथी बघा, मुहूर्तासाठी नाही, ओहोटीसाठी.

खाड्या ओलांडायचं पण तसंच. ओहोटीला बऱ्याच ठिकाणी घोड्याच्या गुडघ्याएवढं पाणी असतं, पण एक-दोन ठिकाणी घोडा पोहतो, खरोखर पोहतो. रिकिबीतून पाय काढायचे, लगाम सैल सोडायचा, अयाळ घट्ट धरायची आणि पुढे झुकायचं, तोंड अजिबात ओढायचं नाही कारण डोकं वर खेचलं की मागचा भाग बुडतो. सांगताना सोपं वाटतं. खालची जमीन संपते त्या क्षणी घोडीची पाठ एकदम खाली गेली आणि पाणी माझ्या मांडीपर्यंत चढलं, टापांचा आवाज बंद, नुसतं तिचं नाकातून फुर्र फुर्र, आणि मग पलीकडे पाय लागल्यावर तिने असं अंग झटकलं की मी पडता पडता राहिले. गाइड हसला, म्हणाला अयाळ अजून सोडायची नव्हती ताई. (म्हणाला ‘सिसी’, इथले खोसा लोक बहिणीला म्हणतात तसं.) वरती पाऊस झाल्याने एक नदी गढूळ होती, तिथे मात्र त्याने साफ नकार दिला, कारण या नदीमुखांमध्ये बुल शार्क येतात आणि त्यांना गढूळ पाणी आवडतं. आमच्यातल्या दोघांनी तोंडं वाकडी केली. मला तर त्याच्या नकारानेच जास्त विश्वास वाटला.

वाटेत बघायचं पण खूप आहे. कोलोराच्या पुढे कोबोन्काबाच्या बाजूला १९७१ साली किनाऱ्याला येऊन आपटलेल्या जॅकरांडा नावाच्या जहाजाचे गंजलेले अवशेष आहेत, आता फार काही उरलेलं नाही. माझेप्पा बेला एका बेटावर जायला झुलता पूल आहे. आणि गाऱ्हा नदीच्या काठावर गाइडने घोडे थांबवून नोंगकावुसेची गोष्ट सांगितली. १८५६ मध्ये या कोवळ्या वयाच्या खोसा मुलीने सांगितलं की पूर्वज तिच्याशी बोलले, सगळी गुरं मारा, धान्य जाळा, मग मेलेले उठतील आणि गोरे समुद्रात जातील. लोकांनी ऐकलं. त्या आधीच गुरांमध्ये फुफ्फुसाची साथ येऊन कळप संपत आले होते, इंग्रजांशी युद्धावर युद्ध झालेलं, माणसं कशावरही विश्वास ठेवायच्या अवस्थेत होती. पुढच्या उपासमारीत सुमारे ४०,००० माणसं गेली असं मानतात, आणि उरलेली इंग्रजांच्या वसाहतीत मजुरीला गेली. गाइड तिथल्याच गावचा, त्याने हे सांगताना कुठे मीठमसाला लावला नाही. ब्रोशरमध्ये या जागेला ‘रोमँटिक दंतकथेची नदी’ असं काहीतरी म्हटलंय ते वाचून चीड आली.

राहायची सोय साधी, समुद्रासमोरची जुनी हॉटेलं, पंखा आहे, गरम पाणी आहे, नेटवर्क असलं तर असलं. जेवणात मासे, आणि शाकाहारी लोकांसाठी मका-घेवड्याचं उमन्कुशो, जे तिथलं रोजचं जेवण आहे आणि चांगलं लागतं, पण दरवेळी ते मागून घ्यावं लागलं. शाकाहारी आहे असं फॉर्मवर लिहूनही पहिल्या रात्री ताटात चिकन आलंच.

तक्रारी. एक, बुकिंग ऑफिसने राइडची लेव्हल ‘मध्यम’ लिहिली आहे. मध्यम म्हणजे काय? आमच्यात एक मुलगी रिंगणात दुडकी चाल शिकून आलेली होती, तिला पहिल्याच गॅलपला रडू आलं, आणि चूक तिची नव्हती, तिने मेलवर सगळं खरं लिहिलं होतं आणि समोरून ‘नो प्रॉब्लेम’ आलं होतं. गाइडने बिचारीला शेवटपर्यंत आपल्या बाजूला ठेवलं, त्यामुळे त्याचं स्वतःचं काम दुप्पट. दोन, एकट्या माणसाला वेगळ्या खोलीचे जे जादा रँड (तिथलं चलन) लावतात ते शेवटच्या मेलमध्ये हळूच येतात. तीन, ईस्ट लंडनच्या विमानतळावरून नेणारी गाडी उशिरा आली आणि फोन कुणी उचलेना. (विमानतळाचं नाव २०२१ पासून किंग फालो आहे, तिकिटावर ते दिसलं तर घाबरू नका.)

कधी जायचं तर मला विचाराल तर जून ते ऑगस्ट. तिथला हिवाळा, पाऊस कमी, नद्या निवळ, आणि हंपबॅक व्हेल किनाऱ्याजवळून उत्तरेला जात असतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ऊन आणि पाऊस दोन्ही, शिवाय तेव्हा चिलटांमुळे पसरणाऱ्या आफ्रिकन हॉर्स सिकनेसचा मोसम असतो. माणसाला त्याचं काही नाही, पण लस टोचलेले असूनही घोडे संध्याकाळी लवकर आत घ्यावे लागतात, म्हणजे सूर्यास्ताची राइड विसरा. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, तो लवकर टाका. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये घोडेस्वारी धरली आहे का ते बारीक अक्षरात वाचा, बऱ्याच पॉलिसीत नसते. हेल्मेट स्वतःचं न्या, तिथली कुबट वास मारतात. जीन्स नको, ओली झाली की मांडीची साल निघते. टिपसाठी रोख रँड ईस्ट लंडनलाच काढून ठेवा, पुढे एटीएम शोधत बसाल, आणि टिप गाइडइतकीच मागे तबेल्यात राहणाऱ्या पोरांनाही द्या, पहाटे अंधारात खरारा तेच करतात.

लहान मुलांना न्यायचं का असं दोन जणींनी विचारलंय. या मुक्कामी ट्रेलवर नका नेऊ. केई माउथच्या आसपास एक-दोन तासांच्या किनाऱ्यावरच्या राइड मिळतात, त्या चालीने असतात, तिथे घेऊन जा.