सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो दाखवून माझ्याकडून साडेअकरा हजार काढले

घरातून पार्लरचं काम करणाऱ्या ज्या कोणी असाल त्यांनी हे जरा वेळ काढून पूर्ण वाचा, कारण माझ्यासोबत झालं ते उद्या तुमच्यासोबतही होऊ शकतं आणि मला ते खरंच नकोय.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची, आरसा आणि बेसिन, एवढ्यावर नऊ वर्षं झाली काम करतेय. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, हेअर कलर. येणाऱ्या बायका आजूबाजूच्याच, अर्ध्या मराठी अर्ध्या गुजराती, सगळ्या ओळखीतून आलेल्या. माझ्याकडे नोंद म्हणजे काय तर एक डायरी, त्यात तारीख, नाव, काय केलं आणि किती पैसे घेतले. कोणाला कशाचा त्रास होतो, कोणाचं थायरॉइडचं औषध चालू आहे हे सगळं माझ्या डोक्यात, आणि नऊ वर्षं काही बिघडलं नाही म्हणून मला वाटायचं तेवढं पुरे आहे.

नवरात्रीच्या आधीचा आठवडा आमच्याकडे कसा असतो ते बडोदेकरांना सांगायला नको. बॅकलेस चोळ्यांमुळे फुल बॅक वॅक्स, बॅक पॉलिश, वर फेशियल आणि कलर, सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत बसायला मिळत नाही. पहिल्या गरब्याला दोन दिवस राहिले असताना एक बाई आली. आधी कधी पाहिलेली नव्हती पण माझ्या एका जुन्या क्लायंटचं नाव घेतलं. भांगातले आणि कपाळाच्या कडेचे पांढरे झाकायचे होते, म्हणजे रूट टचअप. मी म्हटलं आधी पॅच टेस्ट लावते, म्हणजे कानामागे थोडासा कलर लावून त्रास होतो का ते बघायचं, परवा या. तर म्हणे, "बेन, आजे ज करी आपो ने, हुं तो वर्षोथी कलर करावुं छुं." म्हणजे आजच करून द्या, मी तर वर्षानुवर्षं कलर करून घेतेय. बाहेर तिघी बसलेल्या होत्या, मी केलं. टेस्ट नाही, काही विचारलं नाही, सही तर लांबच. डायरीत एक ओळ लिहिली आणि तिने सहाशे रुपये रोख दिले. रोख का दिले हे मला तेव्हा खटकलं नाही, आता खटकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, डोळे सुजून बंद झालेले, कपाळ लालभडक, कानापाशी पाणी सुटलेलं. माझ्या हातापायातलं त्राणच गेलं. कारण असं खरोखर होतं हे मला माहीत होतं. बहुतेक परमनंट कलरमध्ये पीपीडी नावाचं रसायन किंवा त्याच्या जातीचं दुसरं काहीतरी असतं, ज्याला त्याची अ‍ॅलर्जी असते त्याचा चेहरा एक-दोन दिवसांत अगदी असाच सुजतो, आणि वर्षानुवर्षं कलर लावणाऱ्यालाही अचानक होऊ शकतं. कोणी जत्रेत काळी मेंदी काढून घेतली असेल तर त्यातही बरेचदा हेच असतं आणि शरीराला त्याची चीड तिथूनच बसलेली असते. म्हणजे तिने पाठवलेलं सगळं पटण्यासारखं होतं आणि माझ्याकडे उलट दाखवायला कागदाचा चिटोरा नव्हता.

तासाभरात तिच्या "भावाचा" फोन. आधी गोड बोलला, डॉक्टरचे साडेचार हजार झालेत तेवढे पाठवा. पाठवले. संध्याकाळी इंजेक्शनं आणि औषधाचे म्हणून सात हजार. तेही पाठवले, घरात ह्यांना न सांगता, नवरात्रीसाठी आणलेल्या मालाचे पैसे द्यायचे होते त्यातले. तिसऱ्या दिवशी आवाज बदलला, म्हणे मी वकिलाकडे बसलोय, पंधरा हजार द्या नाहीतर कन्झ्युमर कोर्ट आणि पोलीस, घरात धंदा करता तर कागद दाखवा, पॅच टेस्ट केली होती का ते दाखवा. हा शेवटचा प्रश्न त्याने चार वेळा विचारला. आता कळतं की त्यांना नेमकं माहीत होतं की घरात काम करणाऱ्या बायका हे लिहून ठेवत नाहीत.

त्या रात्री मी रडत होते तेव्हा जाऊबाईंनी फोन हातात घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हिचे कपाळावरचे केस तर पांढरे आहेत."

खरंच होते. कडेने बोटभर पांढरे. मी आदल्याच दिवशी पस्तीस मिनिटं कलर ठेवून झाकले होते ते. मी तो फोटो कमीत कमी पन्नास वेळा पाहिला होता, पण फक्त सूज पाहिली.

मग मांजलपूरला माझी एक मैत्रीण हेच काम करते तिला फोटो पाठवला. तिला हाच फोटो महिन्याभरापूर्वी आला होता, दुसऱ्या नंबरवरून, आणि तिने फेशियल केलेलं होतं. डॉक्टरचा म्हणून पाठवलेला कागद आम्ही दोघींनी जुळवून पाहिला, दोन्हींवर तारीख नाही आणि डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर नाही. मी फोन करून सांगितलं की बिलं आणि पेशंटला घेऊन घरी या, आपण मिळून सयाजी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत जाऊ. त्यानंतर दोन्ही नंबर बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोपर्यंत नऊ दिवस गेले होते. तिथे पहिल्या काही तासांत कळवलं तर खात्यातले पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते, माझे नाही मिळाले. पोलीस ठाण्यातही लेखी दिलंय.

आता नोंदीबद्दल. मी साधी शंभर पानी वही केलीय, एका क्लायंटला एक पान. फोन, वय, आधी कधी कलरने किंवा काळ्या मेंदीने खाज-सूज आली का, गरोदर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, चेहऱ्याला रेटिनॉल लावते का. आणि पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेते का, हे मी मुद्दाम वेगळं विचारते, कारण त्या चालू असताना आणि बंद केल्यावर सहा महिने वॅक्स करायचं नसतं, कातडी निघते. बायका "औषध घेता का" विचारलं तर नाही म्हणतात, पिंपलची गोळी त्यांना औषध वाटतच नाही. मग पॅच टेस्ट कुठे लावली, किती वाजता, 48 तासांनी काय दिसलं. कोणत्या कंपनीचा कलर, शेड, बॅच नंबर, डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड) किती व्हॉल्यूमचा, किती मिनिटं ठेवला. खाली तिची सही. आणि तिला विचारून केसांच्या कडेचा आधीचा आणि नंतरचा फोटो, तारखेसकट. वही कपाटात कुलपात, कारण कोणाच्या गोळ्या आणि कोणाचं गरोदरपण हे दुसऱ्या बाईच्या नजरेला पडता कामा नये. ग्राहक आयोगात तक्रार करायला साधारण दोन वर्षांची मुदत असते, म्हणून मी त्याच्या आत पान फाडत नाही.

सगळ्याच तक्रारी खोट्या असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये. ही वही सुरू केल्यावर तिसऱ्याच आठवड्यात एका काकूंना कानामागच्या टेस्टवर पुरळ उठलं. वीस वर्षं कलर लावणाऱ्या काकू. टेस्टसाठी दोन दिवस थांब म्हटल्यावर रागावल्या होत्या, नंतर स्वतः येऊन कान दाखवून गेल्या. त्यांना मी कलर लावला असता तर काय झालं असतं या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

आणि तो फोटो जर तुमच्याकडे आला तर ओळखून ठेवा: पिवळ्या फुलाफुलांची उशी, डाव्या गालाखाली हात, मागे भिंतीवर अर्धं कॅलेंडर, आणि कपाळाच्या कडेला पांढरे केस. पैसे पाठवू नका. मला कळवा, मांजलपूरची आणि माझी तक्रार आम्ही एकत्र जोडतोय, तिसरी मिळाली तर पोलिसांकडे पुन्हा जायचं आहे.