एन्सोनिक ईपीएस: २२ अक्षरांच्या पट्टीवर कानबाईचा ठेका

चालू केला की हा पेटारा आधी फ्लॉपी मागतो. ती दिली की घरघरत सिस्टीम वाचतो आणि निळसर-हिरव्या अक्षरांच्या डिस्प्ले-पट्टीवर हुकूम सोडतो: 'ट्यूनिंग कीबोर्ड, हँड्स ऑफ'. तेवढा वेळ पट्ट्यांना हात लावायचा नाही. आमच्या पुतण्याला हे इतकं पाठ झालंय की तो दोन्ही हात वर करून उभा राहतो.

ईपीएस हा १९८८ चा सॅम्पलिंग कीबोर्ड, म्हणजे बाहेरचा आवाज टिपून तो पट्ट्यांवर वाजवणारा. मी जळगावचा, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो, बाकी वर्षभर शिकवण्या. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून जुना घेतला, २८ हजारांना. 'सगळं ओके आहे' म्हणाला. घरी आणून मागची पट्टी वाचली तर मशीन अमेरिकेचं, ११० व्होल्टचं. ट्रान्सफॉर्मर वेगळा आणावा लागला. त्या गृहस्थाने तेव्हापासून माझा फोन उचललेला नाही.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. सॅम्पलिंग १३ बिटचं, म्हणजे आवाजाची नोंद जरा खरबरीत, त्यामुळे संबळ किंवा पावरी (खानदेशातलं फुंकून वाजवायचं वाद्य) आत गेली की आवाजाला जरा माती लागते, आणि ती मला आवडते. मूळ मेमरीत सगळ्यात वरच्या, ५२ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला सुमारे ५२ हजार नोंदी) दराला जेमतेम ५ सेकंद मावतात, म्हणून मी दर उतरवूनच घेतो. पण मी मशीन घेतलं ते सिक्वेन्सरसाठी, म्हणजे वाजवलेलं लक्षात ठेवून पुन्हा वाजवणाऱ्या भागासाठी.

समोर ८ बटणं. त्यांत ८ वाद्यं भरायची, आणि तीच बटणं म्हणजे ८ ट्रॅक. संबळ पहिल्या बटणात टाकला की पहिला ट्रॅक संबळाचा. कुठला चॅनेल कुठे जोडला, ही भानगडच नाही. रेकॉर्ड धरून प्ले दाबा आणि वाजवा. एका ट्रॅकवर नवीन काही वाजवलं की ते ठेवायच्या आधी जुनं आणि नवं दोन्ही ऐकवतं, मग काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. या एका गोष्टीसाठी मी त्याचे बाकीचे नखरे सोसतो.

एक मात्र सांभाळा. सगळ्यात आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकची लांबी तीच सगळ्या सिक्वेन्सची लांबी होते. श्रावणात कानबाईच्या (आमच्या खानदेशातली देवी) मिरवणुकीसाठी ८ बारचा, म्हणजे ८ मापांचा, ठेका बसवत होतो, स्टॉपला बोट उशिरा गेलं आणि शेवटी एक रिकामा बार चिकटला. घरी लक्षात आलं नाही. ढोल-पावरी वरून लावल्यावर दर फेरीला सगळे अडखळायला लागले.

क्वांटाइझचं, म्हणजे पुढेमागे पडलेले ठोक आपोआप तालात बसवण्याचं, तर विचारूच नका. आमचा संबळवाला एरंडोलकडचा, त्याच्याकडूनच ठोक घेतले होते. मी ते वाजवले, सगळे सोळाव्या भागावर नीट बसवले आणि त्याला ऐकवले. तो म्हणाला, "भाऊ, हाई मनं वाजाडनं नही शे." म्हणजे हे माझं वाजवणं नाही. खरं होतं. त्याच्या हाताला झोका आहे, तो चौकटीत बसवला की मरतो. आता क्वांटाइझ फक्त बेसला. संबळ जसा वाजला तसाच राहतो, फार चुकलं तर पुन्हा वाजवतो.

मेमरीची गोची वेगळीच. सॅम्पल आणि सिक्वेन्स एकाच कोठारात राहतात. शिवाय इथे प्रत्येक पट्टीचा दाब स्वतंत्र मोजला जातो. आजही सगळ्या महागड्या कीबोर्डांत हे मिळत नाही, पण सिक्वेन्सर तो सगळा दाब लिहीत बसतो. सनईचा एक ट्रॅक जीव ओतून वाजवला आणि मेमरी संपली. ज्या वाद्याला दाब लागत नाही त्याचं प्रेशर आधीच बंद करा.

साँग नावाच्या सोयीत सिक्वेन्स एकामागे एक लावून कुठला किती वेळा हे लिहिता येतं. मुखडा, अंतरा, तोड असं स्टेजवर छान चालतं. वरातीत उपयोग नाही. तिथे अंतरा किती वेळा घ्यायचा हे नवरदेवाचे मित्र ठरवतात.

आणि लाईट. एप्रिलमध्ये भर दुपारी गेली, तीन तासांचं काम गेलं, कारण बंद झाल्यावर आत काहीच उरत नाही. सिक्वेन्स सेव्ह केला म्हणजे झालं असंही नाही, कुठलं वाद्य कुठल्या बटणात होतं हे बँक सेव्ह केली तरच परत येतं. हे मला दुसऱ्यांदा काम गेल्यावर कळलं.

फ्लॉपी ८०० केबीची, स्वतःच्याच पद्धतीने लिहिलेली, साध्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही. तिला लागणाऱ्या डबल डेन्सिटी फ्लॉप्या मिळत नाहीत म्हणून मी जास्त क्षमतेच्या, हाय डेन्सिटी फ्लॉप्यांच्या भोकावर चिकटपट्टी लावून चालवत होतो. त्यांतल्या चार बाद झाल्यावर फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्हवाला एम्युलेटर बसवला. घेणार असाल तर तो आणि यूपीएस, दोन्हींचे पैसे आधीच किमतीत धरा.

संबळवाला परवा पुन्हा येऊन गेला. आता त्याला डाव्या हाताचा घुमारही वेगळ्या बटणावर हवाय. पाच बटणं भरलेली आहेत.