आय७ सोडून आय५ घेतला

माझ्या जुन्या लॅपटॉपात इंटेलचा कोअर आय५-७२००यू प्रोसेसर. दोन कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आणि चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी चार कामं. गणिताच्या तासांचे व्हिडिओ मी त्यावरच करत आले. वीस मिनिटांचा एक धडा हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायला पाऊण तास, आणि तोवर दुसरं काही उघडायची सोय नाही. रॅम वाढवून झाली, एसएसडी टाकून झाली. प्रोसेसर मात्र मदरबोर्डलाच सोल्डर केलेला, तो एकटा बदलता येत नाही. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ या चिपला यादीत घेत नाही. म्हटलं, आता बास.

दीर म्हणाला, "वहिनी, डोळे मिटून आय७ घ्या." त्याच्याकडे आय७-१२५५यू आहे. मैत्रिणीकडे आय५-१२४०पी. दोन्ही बाराव्या पिढीचे. मी तोच धडा पेनड्राइव्हवर टाकला आणि दोघांकडे जाऊन बसले. क्विक सिंक, म्हणजे इंटेलच्या ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओचं काम करून घेण्याची सोय, मुद्दाम बंद ठेवलं. एक तर त्याने काम ग्राफिक्सकडे जातं, कोअरची परीक्षाच होत नाही. आणि तेवढ्याच दर्जाला फाईलही मोठी होते.

दिराकडे सुरुवात झकास. शेजारी हार्डवेअर इन्फो, म्हणजे चिपचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून ठेवलं होतं. पॅकेज पॉवर, म्हणजे अख्खी चिप खात असलेली वीज, चाळीस वॉटच्या आसपास, पंखा जोरात. मिनिटभरात आकडा घसरत घसरत सोळा-सतरावर आला आणि तिथेच बसला. एकूण सतरा मिनिटं. "चार्जर लावला नव्हता का?" लावला होता. तरी त्याच्या समाधानासाठी पुन्हा केलं. तापलेल्या लॅपटॉपने अजून एक मिनिट जास्त घेतलं.

मैत्रिणीच्या आय५ ने बारा मिनिटांत उरकलं.

नावातल्या पाच-सातपेक्षा इथे शेवटचं अक्षर बोलतं. यू मालिकेची मूळ पॉवर १५ वॉट, पी ची २८. त्या आय७ मध्ये मोठे, वेगवान कोअर दोन, या आय५ मध्ये चार; छोटे, कमी वीज खाणारे दोन्हीकडे आठ-आठ. एकाच कोअरवर आय७ ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आय५ ४.४ पर्यंत, पण ब्राउझर आणि एक्सेल उघडताना मला तरी तो फरक जाणवला नाही. ज्याचं काम तेवढंच, त्याने खुशाल यू घ्यावा, बॅटरीही जास्त पुरेल. अर्थात हे दोन लॅपटॉपांचं झालं. तीच चिप पातळ बॉडीत घातली की वेगळी वागते, म्हणून सिनेबेंच या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा नुसता आकडा पाहून मी निर्णय घेतला नसता. त्याच्या आर२३ आवृत्तीतली दहा मिनिटांची चाचणी त्यातल्या त्यात बरी, तेवढ्यात चिपला घाम फुटतो.

एएमडीचे रायझन प्रोसेसरही पाहिले. तिथे तर डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं: रायझन ५ ७५२०यू म्हणजे चार कोअर आणि झेन २ ही जुनी रचना, ७५३०यू म्हणजे सहा कोअर आणि त्यानंतरची झेन ३. तिसरा आकडा तेवढा वेगळा. माझ्या बजेटात ७५२०यू वालेच जास्त दिसत होते, सोडून दिले.

शेवटी आय५-१२४०पी घेतला. बॅटरी दुपारीच मान टाकते आणि पंखा बोलका आहे. रेकॉर्डिंगच्या आधी पॉवर मोड आठवणीने खाली आणते, नाहीतर वर्गमुळापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो.