गोळी की थेरपी? दोन्ही घेतल्यावरचं माझं मत

सततच्या चिंतेसाठी एस्सिटालोप्राम ही गोळी सुरू केली तेव्हा आधी मळमळ आणि झोपेचं खोबरं, एवढंच पदरात पडलं. फरक दिसायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून टिकले. मग छातीतली धडधड उतरली. विचार मात्र तेच: मीटिंगमध्ये आवाज कापला तर?

थेरपीत, म्हणजे सीबीटीत (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी), गप्पा कमी आणि गृहपाठ जास्त. वहीत तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय. तिसऱ्या रकान्यापाशी पेन हमखास अडायचं. पुढे थेरपिस्टनी मला मीटिंगमध्ये मुद्दाम सगळ्यांच्या आधी प्रश्न विचारायला लावला. पोटात गोळा यायचा, पण टाळाटाळ सुटली ती तिथेच. कोर्स साधारण 12 ते 16 सत्रांचा. मधे कंटाळा येतो, खरं सांगते.

माझा कौल थेरपीला. पण गोळीशिवाय मी त्या खुर्चीत बसूच शकले नसते. क्लोनाझेपामसारख्या झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांपासून मात्र चार हात लांबच राहिले. त्यांची सवय लागू शकते. आणि बरं वाटलं म्हणून एस्सिटालोप्राम परस्पर बंद करायची नाही, डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतात. माझा सध्या कमी होतोय.