घर रंगवून वर्ष होत आलं : नागपूरचं ऊन, कूलरचं पाणी आणि टिकलेला-न टिकलेला रंग

गेल्या दिवाळीच्या आसपास आम्ही घर आतून-बाहेरून रंगवून घेतलं. मध्ये एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा भिंतींवरून जाऊन गेलाय, म्हणून आता लिहिते. रंग दिल्यावर आठ दिवसांत केलेल्या कौतुकाला अर्थ नसतो, तेव्हा साधा चुनाही चकाकतो.

घर मानेवाड्याकडचं, खाली-वर दोन मजले, नव्वदच्या दशकातलं बांधकाम. रस्ता पश्चिमेला, म्हणजे दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत पुढची भिंत तापत असते. मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा त्या भिंतीला तळहात टेकवत नाही.

सगळं घर दर तीन-चार वर्षांनी एकदम रंगवायचं, ही आपल्याकडची पद्धत मला आता पटत नाही. आमची उत्तरेची भिंत आजही नवी दिसते, बेडरूमला तर पाच-सहा वर्षं काही करावं लागेल असं वाटत नाही. पश्चिमेची भिंत, कूलरची खिडकी आणि जिन्याखालचा कोपरा मात्र दर दोन वर्षांनी हात मागतात. तेवढंच वेळेवर करत राहिलं तर मोठ्या खर्चाची वेळ लांब जाते. रंग नियमित द्यावा याच्या मी बाजूची आहे, पण भिंत बघून.

आधी मुहूर्ताबद्दल. दसऱ्याच्या आधी नागपुरात पेंटर मिळणं म्हणजे लग्नसराईत आचारी मिळण्यासारखं आहे. मिळालाच तर तो एकाच वेळी चार घरं धरून असतो. शिवाय सप्टेंबरात भिंती आतून ओल्या असतात आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही एखादी सर देऊन जातो. सासूबाईंना दिवाळीला घर रंगवलेलंच हवं होतं. पेंटरने जिन्याची भिंत बोटाने ठोकून बघितली आणि म्हणाला, "ताई, ही भिंत अजून पाणी पिऊन राहिली आहे. आत्ता रंग मारला तर संक्रांतीपर्यंत पापड निघतील." मग आतला फक्त हॉल दिवाळीआधी झाला, बाकी सगळं नोव्हेंबर-डिसेंबरात. तेव्हा हवा कोरडी असते, ऊन सौम्य असतं, मजुरीतही थोडी घासाघीस होते. एप्रिल-मेमध्ये बाहेरचं काम काढू नये. तापलेल्या भिंतीवर रंग रोलर फिरायच्या आत सुकतो आणि पट्टे दिसतात ते कायमचे.

भिंत ओली आहे का हे घरच्या घरी बघता येतं. फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. आतल्या बाजूने थेंब धरले असतील तर डबा उघडू नये.

भेगांचं प्रकरण इथे वेगळंच आहे. आपली जमीन काळ्या मातीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यासोबत जुनी घरं थोडी-थोडी हलतात. आमच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघालेल्या बारीक भेगा मेमध्ये रुंदावतात आणि ऑगस्टमध्ये जवळपास मिटतात. आधीच्या वेळी त्यांत सिमेंट भरलं होतं, ते पुढच्याच उन्हाळ्यात सुटलं. यंदा भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोदून लवचीक अ‍ॅक्रिलिक फिलर भरला. नऊ भेगांच्या जागी आज केसाएवढीही रेघ नाही. पोर्चच्या कडेला मात्र पुन्हा उघडली आहे. तिथे पोर्चचा स्लॅब आणि घराची भिंत वेगवेगळी हलतात, त्यामुळे तो प्रश्न रंगाच्या डब्याने सुटणारा नाही. भेगेत बोट जात असेल तर पेंटरच्या आधी इंजिनिअरला बोलवावं.

बाहेरचा रंग चांगल्यापैकी महाग एक्स्टिरिअर इमल्शन (पाण्यात कालवायचा, बाहेरच्या भिंतींचा रंग) घेतला, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यावर मोठ्या अक्षरांत वर्षांची वॉरंटी होती. कागद वाचला तर गळती, जमिनीतून चढणारी ओल आणि बांधकामाच्या भेगा त्यातून वगळलेल्या. म्हणजे नागपुरातल्या घराचा रंग ज्या तीन कारणांनी जातो तीच तिन्ही. तरीही रंगाबद्दल माझी तक्रार नाही. आधीच्या स्वस्त रंगावर दोन वर्षांतच हात फिरवला की पांढरी पूड लागायची. यंदाच्या उन्हाळ्यानंतर पश्चिमेच्या भिंतीवर काळा दुपट्टा घासून बघितला, स्वच्छ राहिला. याचं अर्धं श्रेय धुलाईला देईन. रंगाआधी पूर्ण भिंत पाण्याच्या दाबाने धुतली, शेवाळ खरवडलं, दोन दिवस सुकू दिली, मग प्राइमर आणि मग रंगाचे दोन हात. पेंटर प्राइमर टाळायला बघतात. तिथे उभं राहावं.

रंगछटेबद्दल एक निरीक्षण. लेकीच्या हट्टाने फाटकाचे खांब लिंबासारखे पिवळे केले होते. ते एका मेमध्ये फिकट पडले. जोत्याचा पट्टा गेरूच्या रंगाचा, त्याच उन्हात, जसाच्या तसा. गेरू, पिवळी माती, राखाडी या छटा लोहाच्या ऑक्साइडसारख्या खनिज रंगद्रव्यांतून येतात आणि त्या उन्हाला दाद देत नाहीत. झगमगीत पिवळा, लाल, जांभळा घेणार असाल तर सावलीच्या बाजूला घ्या.

आता कूलर. नागपुरातल्या घराचा रंग घालवण्यात पावसापेक्षा कूलरचा हात मोठा आहे असं माझं ठाम मत झालंय. एप्रिल ते जून रोज रात्रंदिवस खिडकीला पाणी चालू. वाळ्याच्या ताट्यांतून उडणारे थेंब, टाकी भरताना सांडलेलं पाणी, पंपाच्या नळीची गळती, सगळं खिडकीखालच्या एकाच पट्ट्यावर. त्यात आमचं पाणी बोअरचं, क्षारांनी भरलेलं. पाणी उडून जातं, क्षार प्लास्टरमध्ये राहतात आणि पुढे पांढरे होऊन रंगाला आतून ढकलतात. यंदा महागातला रंग, वॉटरप्रूफ कोट, सगळं करूनही त्या पट्ट्यावर जूनअखेर फोड आलेच. मग जुलैत कूलरचा स्टँड भिंतीपासून वीतभर पुढे सरकवला, खाली पत्र्याचा उतार बसवला आणि खिडकीच्या चौकटीखाली दगडाची पट्टी थोडी बाहेर काढून घेतली, तिच्या खालच्या बाजूला खाच, म्हणजे पाणी भिंतीला न चिकटता तिथून टपकतं. रंगाच्या एका डब्याहून हे स्वस्त पडलं.

आणि पावसाळ्यात कूलर लावूच नये. हवा आधीच दमट, त्यात कूलर, आणि लाकडी कपाटामागे बुरशी. आमच्याकडे मागच्या खोलीत हिरवट ठिपके आले होते. कपाट भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवल्यापासून नाहीत.

गच्चीवर उन्हं परतवणारा पांढरा अ‍ॅक्रिलिक लेप दिला. आधी आम्ही बऱ्याच घरांसारखा होळीनंतर चुना फासायचो, तो पहिल्या पावसात नालीत जायचा. लेप पावसाळ्यानंतरही जागेवर आहे. वरच्या खोलीचं छत रात्री जेवणानंतरही भट्टीसारखं असायचं, ते यंदा नव्हतं. पंखा गरम वारा फेकतोय ही तक्रार मुलांनी यंदा केली नाही, कूलरही उशिरा लागला. पण धूळ बसून लेप करडा पडतो, आणि करडा पडला की गुण कमी होतो. म्हणून पुढच्या फेब्रुवारीत झाडूने घासून धुणं आलंच.

आतल्या भिंतींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्या बऱ्या आहेत. हॉलला मॅट, स्वयंपाकघर आणि पॅसेजला धुता येणारं चकाकीचं इमल्शन. चकाकी असलेला रंग जुन्या भिंतीचे सगळे उंचवटे ट्यूबलाइटच्या उजेडात दाखवतो, हॉलला तो घेऊ नका. स्वयंपाकघरात मात्र तोच हवा. फोडणीचा तेलकट थर ओल्या मऊ कपड्याने आणि साबणाच्या पाण्याने निघतो, देवघरामागची उदबत्तीची काजळीही निघाली. रंग दिल्यावर पहिला महिनाभर धुवायचं नाही. सोफ्यामागे डोक्याच्या तेलाचा डाग मॅटवर पडला तो गेला नाही, पुसून तिथे उलट चकाकी आली.

जिन्याखालची भिंत जमिनीतून ओल ओढते. तिथे पुट्टी लावली असती तर पोपडे पडलेच असते. पेंटरच्या सल्ल्याने कमरेपर्यंत पुट्टी न लावता चुन्याचाच हात दिला. तो थोडा झडतो, दर वर्षी एका दुपारचं काम आहे, पण भिंत श्वास घेते आणि फोड येत नाहीत.

जुन्या ग्रिल आणि दारांबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगते. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर जुना रंग कोरडा घासू देऊ नका, पाणी मारून घासायला सांगा, तोवर त्यांना दुसरीकडे ठेवा आणि पडलेली पूड झाडू न मारता ओल्या फडक्याने उचला. आमचा पेंटर कोरडाच पॉलिश पेपर घेऊन उभा होता. दोनदा सांगावं लागलं.

पैशांच्या बाबतीत : माल आपण आणावा, मजुरी वेगळी ठरवावी. अनेक डब्यांमध्ये पेंटरसाठी कूपन असतं, त्यामुळे कुठला डबा आणि किती डबे, हा सल्ला नेहमी भिंतीसाठीच असतो असं नाही. बाहेरच्या खडबडीत प्लास्टरवर दोन हात मिळून लिटरमागे 50-60 चौरस फूट धरा आणि स्वतः गुणाकार करा. पाणी किती मिसळायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, पहिली बादली कालवताना समोर थांबा. आमच्या खर्चात रंगापेक्षा खरवडणं, धुणं, भेगा आणि मजुरी यांचाच वाटा मोठा निघाला, आणि तिथेच काटकसर करायचा मोह होतो.

दुकानातल्या मशीनवर छटा बनवून मिळते तेव्हा तिची चिठ्ठी जपून ठेवा. नुसता छटेचा नंबर पुरत नाही, रंग आणि बेस (ज्यात छटा मिसळतात तो मूळ डबा) कुठला तेही हवं. आम्ही ती मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवली आहे. उरलेला रंग घट्ट झाकून ठेवला होता. लहान डाग झाकताना मधेच ठिपका दिला तर तो वेगळा दिसतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण पट्टा मारावा लागतो.

या हिवाळ्यात कूलरच्या खिडकीखालचा पट्टा, पोर्चची कड आणि फाटकाचे खांब एवढंच काढणार आहे. खांब गेरूचे करायचे की परत पिवळेच, यावर घरात अजून एकमत नाही.