पोस्टाची आरडी: आडतीच्या पट्टीवर चालणाऱ्या घराला परवडते का?

मराठवाड्यात शेतीवर चालणाऱ्या घरात पैसा दर महिन्याला येत नाही. सोयाबीनची पट्टी दिवाळीच्या आगेमागे, कापसाचे पैसे वेचणीगणिक, ऊसतोडीची उचल मुकादमाकडून एकदाच. पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, मात्र 60 महिने दर महिन्याला हप्ता मागते. तरीही हंगामी कमाईच्या घरासाठी ती चांगलीच आहे, फक्त हप्ते आगाऊ भरून चालवायची.

हप्ता कमीत कमी 100 रुपये, पुढे 10 च्या पटीत. ऑक्टोबर 2023 पासून व्याज 6.7 टक्के, तेही तिमाही चक्रवाढीनं. उघडताना जो दर असतो तोच पाचही वर्षं लागतो. महिना 500 भरले की 30,000 चे सुमारे 35,680 होतात.

आगाऊ भरण्यावर सूट आहे आणि ती फारच थोडे लोक मागून घेतात. सहा हप्ते एकदम भरले तर 100 च्या हप्त्यामागे 10 रुपये, बारा भरले तर 40 रुपये. म्हणजे 500 च्या खात्यात वर्षाला 6,000 ऐवजी 5,800 भरायचे. टोळीबरोबर कारखान्यावर जाणाऱ्या कुटुंबानं निघण्याआधी 2,950 भरले की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, हप्त्याची काळजी नाही.

असं नाही केलं तर खातं अडकतं ते बहुधा मे-जूनमध्ये. लग्नसराई, त्यामागून बी-खत, त्यामागून पोरांची वह्या-पुस्तकं. चुकलेल्या हप्त्याला 100 मागे महिना 1 रुपया दंड, तो काही जड नाही. पण चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांत थकबाकी भरून ते चालू करून घेतलं नाही, तर पुढे त्यात पैसे भरताच येत नाहीत. खातं 15 तारखेपर्यंत उघडलं तर हप्ता दर महिन्याच्या 15 पर्यंत, 16 किंवा त्यानंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. मानधन उशिरा हातात पडत असेल तर 16 नंतरच उघडावं.

योजनेची खरी उणीव म्हणजे पैसा अडकतो. तीन वर्षांआधी मोडता येत नाही, आणि नंतरही मुदतीआधी मोडली तर व्याज बचत खात्याचं, 4 टक्के. म्हणून 500 चं एक खातं उघडण्यापेक्षा 100 ची पाच उघडावीत. अडचणीला एक मोडलं तरी चार पूर्ण व्याजानं चालू राहतात. बारा हप्ते भरून वर्ष झालं की शिल्लकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा 2 टक्के जास्त व्याजानं, म्हणजे 8.7 टक्के. गावात शेकडा 3 रुपये महिन्यानं घेतलेलं कर्ज वर्षाला 36 टक्के पडतं. असं देणं डोक्यावर असेल तर आरडी नकोच, आधी ते फेडावं. दवाखान्यासाठी लागणारे पैसेही यात घालू नयेत, ते साध्या बचत खात्यात बरे.

जास्त व्याज देणारी पतसंस्था आणि पोस्ट यांत निवड करायची तर आम्ही पोस्टच सांगू. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही. पोस्टातल्या पैशामागे केंद्र सरकार उभं असतं. ठेवी बुडाल्यावर माणसं किती वर्षं हेलपाटे घालतात, हे या भागाला वेगळं सांगायला नको.

महिला प्रधान एजंटाकडून, म्हणजे पोस्टासाठी आरडीचे हप्ते गोळा करणाऱ्या बाईकडून, भरत असाल तर तिला वेगळे पैसे द्यायचे नाहीत, तिचं कमिशन सरकार देतं. कार्डावर तिची सही झाली म्हणजे पैसे भरले गेले असं मात्र धरू नये. दर महिन्याला पासबुक मागून नोंद बघावी, आणि आगाऊ भरले असतील तर सूट वजा झाली का तेही तिथंच तपासावं. खातं उघडताना आधार, पॅन, फोटो लागतात. वारसाचं नाव त्याच दिवशी लावून घ्यावं.