निकेल कंडक्टिव्ह स्प्रे: प्लास्टिकच्या डबीला उत्तम, ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्यावर निरुपयोगी

एमजी केमिकल्सचा ८४१एआर हा ॲक्रिलिक रंगात निकेलची बारीक पूड घातलेला स्प्रे आहे. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या प्लास्टिकच्या डबीत आतून मारला की सुकल्यावर फिकट राखाडी थर बसतो आणि तो थर वीज वाहतो, म्हणून तो रेडिओ लहरींचा गोंधळ अडवतो. यालाच शिल्डिंग म्हणतात. २५ मायक्रॉन जाडीला त्याचा रोध चौरसामागे साधारण ०.७ ओहम. ‘चौरसामागे’ हा शब्द नीट समजून घेतला की निम्मे घोटाळे टळतात. चौरस नखाएवढा असो की ताटाएवढा, समोरासमोरच्या दोन कडांमधला रोध सारखाच येतो. १० मिमी रुंद आणि ५० मिमी लांब पट्टी म्हणजे पाच चौरस, म्हणजे ३.५ ओहम. त्यामुळे डबीच्या एका टोकाला अर्थची वायर जोडून दुसऱ्या टोकाला चिंचोळा पट्टा ठेवला, तर रंग चांगला असूनही रोध वाढतो.

त्याच कंपनीचा कार्बनचा ८३८एआर स्वस्त पडतो, पण त्याचा रोध चौरसामागे काही दहा ओहमच्या घरात. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचा ८४३एआर निकेलपेक्षा बराच सरस आणि तेवढाच महाग. पातळ थर किती अडवतो याचा डेसिबलमधला ढोबळ हिशेब असा (आकडा मोठा तेवढं शिल्डिंग चांगलं): १८८ ला चौरसामागच्या ओहमने भागा, त्यात १ मिळवा, त्याचा लॉग काढून २० ने गुणा. कार्बन ५० ओहमचा धरला तर १३–१४ डेसिबल मिळतात, निकेलला ४८ च्या वर. हे आकडे बिनफटीच्या डबीचे आहेत. खऱ्या डबीला झाकण असतं, एलईडीची भोकं असतात, यूएसबीची खाच असते.

शिल्डिंग बिघडतं ते बहुतेक वेळा याच फटींमुळे, रंगामुळे नव्हे. फटीची लांबी तरंगलांबीच्या विसाव्या भागाच्या आत ठेवायची हा जुना नियम आहे. १ गिगाहर्ट्झला ती १५ मिमी होते, २.४ गिगाहर्ट्झला जेमतेम ६ मिमी. दोन अर्ध्या डब्या चार स्क्रूंनी जोडल्या आणि स्क्रूंमध्ये ८० मिमी अंतर राहिलं, तर मधली सगळी कड फटच समजा. म्हणून रंग आतल्या भिंतीवर थांबवू नका. तो झाकणाच्या ओठावर, जिथे दोन भाग एकमेकांना टेकतात तिथपर्यंत आणा. पण उघडझाप केल्यावर ओठावरचा रंग खरवडून निघतो. वारंवार उघडणाऱ्या डबीला ओठावर तांब्याची टेप लावा किंवा कंडक्टिव्ह फोमची पट्टी द्या. टेप घेताना तिचा गोंदही वीज वाहणारा आहे ना, ते पाहा. ३एमची ११८१ तशी आहे. साध्या गोंदाची टेप वरून तांब्याची दिसते, पण खालच्या रंगाशी तिचा संबंध येत नाही.

आता काम. डबी एबीएस या नेहमीच्या कडक प्लास्टिकची असेल तर सोपं आहे. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीन असेल तर रंग धरत नाही, नखाने पापुद्रा निघतो. पॉलिकार्बोनेटला यातल्या सॉल्व्हंटने बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात मारून एक दिवस थांबा. आतली बाजू ३२० च्या पॉलिश पेपरने हलकी घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, त्यानंतर बोट लावू नका. थ्रीडी प्रिंटची डबी असेल तर थरांच्या रेघा २४० च्या पेपरने मोडाव्या लागतात. नाहीतर प्रत्येक खाचेत रंग पातळ होतो आणि रेघांना आडवा रोध कितीतरी जास्त भरतो.

स्टँडऑफची (सर्किट बोर्ड टेकवायच्या खुंट्यांची) डोकी, स्विचची भोकं, बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक जिथे भिंतीजवळून जातो ती जागा, हे सगळं मास्किंग टेपने झाका. २३० व्होल्ट आत येत असतील तर त्या टर्मिनलांच्या भोवती किमान ८ मिमी जागा कोरी ठेवा. रंग सुकल्यावर दिसायला रंगच असतो, पण वागतो पत्र्यासारखा. डबल इन्सुलेशनच्या (अर्थ पिनेऐवजी दुहेरी आवरणावर भिस्त असलेल्या) उपकरणात तो फासला की ते इन्सुलेशन तुम्हीच मोडलेलं असतं.

कॅन हलवताना आतली गोळी वाजायला लागली की तिथून पुढे दोन मिनिटं मोजून हलवा. निकेल पाण्याच्या जवळपास नऊपट जड, त्यामुळे ते तळाशी गच्च बसतं. नुसता वरचा पातळ रंग मारला तर थर राखाडी दिसतो आणि मल्टीमीटर किलोओहम दाखवतो. “स्प्रे खराब निघाला” या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. दोन हातांच्या मध्येही कॅन पुन्हा हलवायचा. अंतर २० ते ३० सेमी. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात, मध्ये तीन-चार मिनिटं, आणि प्रत्येक हात आधीच्याला आडवा. खोल डबीच्या आतल्या कोपऱ्यात हवा उलटी फिरते आणि रंग वाटेतच सुकून भुकटीसारखा बसतो. तिथे कॅन जवळ न नेता तिरका धरा, थोडा थोडा दाबा. काम संपलं की कॅन उलटा करून रंग यायचा थांबेपर्यंत दाबा. हे विसरलात तर नोझल पुढच्या वेळी बंद मिळेल.

किती लागतो? १५० × १०० × ५० मिमीच्या डबीचं आतलं क्षेत्रफळ ५५० चौ. सेमी. २५ मायक्रॉनचा सुका थर म्हणजे जेमतेम १.४ घन सेमी. एवढ्याशासाठी कॅनमधलं बरंच काही खर्च होतं, कारण रंगाचा मोठा भाग सॉल्व्हंट आणि गॅस असतो, शिवाय बराचसा बाहेर उडतो. म्हणून डब्या जमवून एकदम मारणं परवडतं.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम टाळलेलं बरं. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थर पांढुरका पडतो. असा थर धरही कमी देतो आणि रोधही वाढवतो. थांबणं शक्य नसेल तर आधी डबी आणि खोली कोरडी करून घ्या. हाताला सुका लागतो तो दहा-पंधरा मिनिटांत, पण रोध खाली येऊन स्थिरावायला २४ तास द्या. त्याआधी घेतलेलं मोजमाप विचारात घेऊ नका.

निकेलची पूड फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही, आणि पुष्कळांना निकेलची त्वचेची ॲलर्जी असते. कापडी मास्क चालणार नाही. सॉल्व्हंटची वाफ आणि कण दोन्ही अडवणारा मास्क, नायट्राइलचे हातमोजे, उघडी हवा. जवळ गॅसची शेगडी किंवा देव्हाऱ्यातला दिवा नको.

अर्थ जोडायला सगळ्यात जास्त काळजी घ्या, कारण या रंगावर सोल्डर होत नाही. खात्रीचा क्रम असा: रंग मारण्याआधी भिंतीवर २० × २० मिमी तांब्याची टेप चिकटवा, तिच्या मधल्या भागावर मास्किंगचा तुकडा ठेवा आणि रंग टेपच्या चारही कडांवर चढू द्या. सुकल्यावर मधलं तांबं मोकळं होतं, तिथे वायर सोल्डर करा. सोल्डरिंग चटकन उरका, खाली प्लास्टिक आहे. दुसरा मार्ग एम३ स्क्रू, रिंग लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी) आणि रुंद सपाट वॉशरचा. दातेरी वॉशर थेट रंगावर आवळला तर तो रंग कापून प्लास्टिकपर्यंत जातो आणि भोवती संपर्क तुटलेलं कडं उरतं. दातेरी वॉशर लगच्या बाजूला, सपाट वॉशर रंगाच्या बाजूला.

मोजताना मल्टीमीटरची टोकं रंगावर टोचू नका, संपर्काचाच रोध जास्त दाखवतो. ५० × ५० मिमीच्या तुकड्यावर समोरासमोरच्या दोन कडांना तांब्याची पट्टी लावा, बेंच सप्लायवरून १०० मिलिॲम्पिअर सोडा आणि पट्ट्यांमधले मिलिव्होल्ट वाचा. ७० मिलिव्होल्ट म्हणजे ०.७ ओहम. २०० च्या वर आलं तर आणखी एक हात हवा. हा तुकडा डबीबरोबरच, त्याच हातांनी रंगवलेला असला पाहिजे.

गिटारवाल्यांचा प्रश्न वेगळा. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या कॉइलच्या) पोकळीला निकेल लागतच नाही, कार्बन पुरतो, आणि तोही ब्रशने लावायचा पाण्यातला मिळाला तर स्प्रेपेक्षा सोयीचा. आधी लाकडाला सीलर द्या, नाहीतर पहिले दोन हात लाकूडच पिऊन टाकतं. पॉटचा (व्हॉल्यूमच्या बटणाचा) हॉट लग, म्हणजे सिग्नलची पट्टी, रंगवलेल्या भिंतीला टेकला की आवाज गायब. तिथे टेपचा तुकडा हवाच. ट्यूबलाइट आणि डिमरची करकर याने कमी होते. पण सिंगल कॉइल पिकअपमध्ये शिरणारी ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची घूं चुंबकीय क्षेत्रातून येते. त्या वारंवारतेला तांब्यातसुद्धा स्किन डेप्थ (क्षेत्र धातूत किती खोल शिरतं ते माप) ९ मिमीच्या वर जाते. २५ मायक्रॉन रंगाची काय कथा! तिथे ट्रान्सफॉर्मर लांब सरकवा, त्याची दिशा फिरवा, किंवा हमबकर (घूं रद्द करणारा दोन कॉइलचा पिकअप) बसवा.

दुकानात नुसता ‘सिल्व्हर स्प्रे’ मागू नका. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची बुधवार पेठ, हातात ॲल्युमिनियमचा शोभेचा रंग पडण्याची शक्यता जास्त. त्यातल्या चकत्यांवर ऑक्साइड असतं आणि भोवती रेझिन. चमकतो छान, वाहत काही नाही. गॅल्व्हनाइझिंगचा झिंक स्प्रे थोडाफार वाहतो, पण भरवसा नाही. ऑनलाइन मागवला तर ज्वलनशील प्रेशर कॅनला विमानात धोकादायक मालाचे नियम लागतात, पार्सल रस्त्याने सावकाश येईल असं धरा. आल्यावर आधी हलवून पाहा. गोळी वाजतच नसेल तर तळाचा गाळ दगड झालेला आहे, परत करा.

वायफायचं मॉड्यूल असलेली डबी आतून रंगवू नका, अँटेना आतच कोंडली जाते. आणि या रंगाला उपकरणाची सुरक्षा अर्थिंग कधीही समजू नका. फेज भिंतीला लागला तर फ्यूज उडेपर्यंतचा करंट हा थर वाहू शकत नाही, आधी तोच जळून तुटतो आणि उरलेल्या भागात वीज तशीच राहते. धातूचे भाग हिरव्या वायरने, लग आणि स्क्रूने, थेट अर्थ पिनला जोडा.